शेवळांचं शुद्धिपत्र

माझं पुस्तक उघडलंत तर पान ६२ आणि ६३च्या मध्ये एक पिवळी चिठ्ठी सापडेल. चार ओळींची. प्रकाशकांना ती नको होती. "शेफ, पुस्तक येऊन महिना नाही झाला आणि आपणच सांगत सुटायचं की आत चूक आहे?" मी म्हटलं, सांगायचं. ती चूक मी छत्तीस माणसांच्या घशात उतरवून आलोय.

झालं असं. जूनमधला रविवार, डोंबिवलीतलं एक वाचनालय. पुस्तक ठाणे जिल्ह्यातल्या खाण्यावर: रानातलं, शेतातलं, खाडीतलं, ज्या महिन्यात जे मिळतं ते. आता अशा पुस्तकावर नुसतं बोलायचं म्हणजे लग्नाला जाऊन पत्रिका वाचून परत येण्यातला प्रकार. म्हणून मी म्हटलं, शेवळं ही रानभाजी करून दाखवतो. वेळ मिळाला अर्धा तास, शेगडी मिळाली इंडक्शनची. सकाळी स्टेशनबाहेर शेवळं मिळाली, त्यांची खाज मारायला लागणारी आंबट रानफळं, म्हणजे काकडं, संपली होती. पण माझ्याच पुस्तकात लिहिलेलं होतं: 'काकडं नसल्यास लिंबाएवढी चिंच घालून दहा मिनिटं उकळावे.' छापलेलं म्हणजे खरं! मी तसंच केलं आणि कागदी वाट्यांमधून भाजी फिरवली.

पहिली दोन मिनिटं "वा, वा." मग मागच्या रांगेतले एक काका खाकरले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळं वाचनालय. पहिल्या रांगेतल्या एक आजी तेवढ्या शांत होत्या, कारण त्यांनी वाटीला हातच लावला नव्हता.

"काकडं घातली नाहीस ना रे?"

"चिंच घातली, आजी."

"किती?"

"लिंबाएवढी."

"कुठल्या लिंबाएवढी?"

चहावाल्याकडून लिंबं आली, वाचनालयाच्या बाईंनी डब्यातलं ताक काढून दिलं, अर्ध्या तासात खोकला बसला. पुस्तकं एकोणीस खपली. दयेपोटी असावीत.

त्यानंतरच्या सगळ्या कार्यक्रमांत मी शेवळंच करतो. पण आता आजींच्या पद्धतीनं. चिठ्ठीत चारच ओळी मावल्या, म्हणून सगळं सविस्तर इथे लिहितो.

आधी ओळख

शेवळं म्हणजे सुरणाच्या भावकीतल्या एका रानकंदाचं फूल. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस. कंद वर्षभर जमिनीत झोपलेला असतो आणि मे संपता संपता, वळवाची एखादी सर पडली की पानाच्या आधी त्याला फुलाचा कोंब फुटतो. तपकिरी-जांभळट, टोकदार, वीतभर, मिटलेल्या छत्रीसारखा. हा मिटलेला कोंब म्हणजे आपली भाजी. दोन-तीन आठवडे मिळते आणि मग गायब. फूल उमललं की त्याला कुजल्यासारखा वास येतो. तो माश्यांसाठी असतो, आपल्यासाठी नाही. पुढे त्याच कंदाला पान येतं. कोवळं असताना तेही खातात, त्याला आमच्याकडे लोत म्हणतात.

का खाजतं? या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळू खाजतं ते त्यांच्यामुळे, सुरण खाजतं तेही त्यांच्यामुळेच. ते घशाला अक्षरशः टोचतात. पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकळून भागत नाही. आंबट लागतं, आणि वेळ लागतो. माझ्या पुस्तकात दोन्ही कमी पडले होते. मुतखड्याचा त्रास असेल तर ही भाजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. हेही पुस्तकात लिहायचं राहिलं.

मावशीकडून घेणं

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे गाडीला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याला आणि एक कर्जतला. दोन्हीकडून पहाटेच्या लोकलनं बायका पाट्या घेऊन येतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी. खर्डी, आटगाव, वांगणी, नेरळ. कल्याण, डोंबिवली, ठाणे, दादर, जिथे जागा मिळेल तिथे पुलाखाली नाहीतर जिन्याशी बसतात आणि अकराच्या आत उठतात. साडेदहाला जाऊन "शेवळं मिळत नाहीत हो हल्ली" म्हणणारे बरेच भेटतात.

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी तिथलंच. म्हणजे शेवळं आणि ती धुवायचं पाणी एकाच तालुक्यातून येतं. हे मी प्रत्येक कार्यक्रमात सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बाटलीकडे बघतं.

जुडी हातात घेतली की तीन गोष्टी बघायच्या. कोंब मिटलेला हवा. जरा जरी उघडला असेल तर जून. बोटानं दाबला तर टणक लागला पाहिजे. आणि नाकाशी धरल्यावर ओल्या मातीचा वास आला पाहिजे, दुसरा कसलाही नाही. मग विचारायचं, "मावशी, आजची का कालची?" खरं सांगतात. मला तरी आजवर खोटं सांगितलेलं नाही. कालची असली तर "कालची हाय, पाच कमी दे" असं स्वतःहून म्हणतात.

आजची असतील तर भाव करू नका. मी अठरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली. पेरू देशातून विमानानं आलेल्या ॲस्परॅगसच्या पेट्या मी सह्या करून उतरवून घेतल्यात. तिथे कुणी घासाघीस केली नाही. त्याच कुळातल्या शतावरीचे कोंब आपल्या रानात येतात, पावसाच्या तोंडावर मावशीकडे जुडी करून ठेवलेले असतात, आणि तिथे मात्र आपण दहा रुपयांसाठी पुन्हा पुन्हा मागे वळून बघतो.

काकडं त्याच पाटीत असतात. नसतील तर शेवळं घेऊ नका. हा नियम माझा नाही, मावशीचा आहे. त्या पहिल्या रविवारीही तिनं मला बजावलं होतं: "दादा, काकडं सरली. शेवळं उद्या ने." मी शेफ होतो, मी ऐकलं नाही.

काकड हे झाडाचं नाव. त्याची हिरवी, गोटीएवढी, तुरट-आंबट फळं म्हणजे काकडं. शेवळं आणि काकडं एकाच वेळी येतात. कुणी जुळवून आणलं माहीत नाही, पण जुळवलेलं चांगलं आहे.

साफ करणं

हाताला तेल. विसरलात तर संध्याकाळपर्यंत खाजवत बसाल. खोबरेल, शेंगदाण्याचं, कुठलंही चालेल, पण मनगटापर्यंत लावा. विळीच्या पात्यालाही पुसटसं फासा.

शेवळं धुवायची ती चिरण्याआधी. खालचा पांढरट, मातीचा बूड कापून टाका. बाहेरचं एक जाड आवरण काढून टाका. आता आतली कोवळी, फिकट गुंडाळी उलगडा. आत एक दांडा दिसेल. त्याचं वरचं टोक जांभळट, गुळगुळीत असतं. त्याच्या खाली पिवळसर, दाणेदार पट्टा असतो, मक्याच्या कोवळ्या कणसासारखा. तो पट्टा नखानं खरवडू नका. त्याच्या वरून आणि खालून विळीनं कापा आणि मधला तुकडा सरळ टाकून द्या. दहा जणांना विचारलं तर दहाही जण सांगतील की खरी खाज या पिवळ्यातच असते. एक जरी तुकडा राहिला तर पातेलंभर भाजी वाया जाते. म्हणून मी दोन ताटं घेतो. उजवीकडे पिवळं, डावीकडे भाजी. मध्ये फोन आला तर घेत नाही.

उरलेलं सगळं बारीक चिरा. कोथिंबीर चिरतो त्यापेक्षा जरा जाड. दोन जुड्यांचं चिरून परातभर दिसतं, परतल्यावर वाटीभर उरतं. पाहुण्यांची संख्या या हिशोबानं ठरवा.

काकडांचा रस

दोन जुड्यांना माझं माप आता वीस-पंचवीस काकडं. पुस्तकात बारा लिहिलीत. ते खोडा. काकडं खलबत्त्यात एकेक ठेचायची, आठळी फोडायची नाही, नुसता गर सोडवायचा. मिक्सरला लावणार असाल तर आठळ्या काढूनच, नाहीतर पातं तरी मोडेल नाहीतर रस कडू होईल. गरात दोन वाट्या पाणी घालून कुस्करा, गाळा, चोथ्यात पुन्हा अर्धी वाटी पाणी घालून पिळा. रस हिरवट, गढूळ दिसतो. चाखून बघा. तोंड वाकडं झालं पाहिजे. झालं नाही तर आणखी पाच काकडं.

परगावी असाल, शेवळं कुणी पाठवली आणि काकडं नाहीत, अशी वेळ आलीच तर चिंच चालते. पण मोजून. दोन जुड्यांना पन्नास ग्रॅम चिंच, शिवाय चार-पाच आमसुलं. मी आता ग्रॅममध्येच सांगतो. लिंबाचं नाव काढत नाही.

शिजवणं

कढई जाड बुडाची घ्या. चार मोठे चमचे तेल. हो, चार. यात हात आखडलात तर खाज राहते. तेल तापलं की चिरलेली शेवळं टाका आणि मध्यम आचेवर परतत राहा. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग रंग तपकिरी होऊन कडेला तेल दिसू लागेल. बारा ते पंधरा मिनिटं. इथे घाई करायची नाही. इंडक्शनवर मी हेच पाच मिनिटांत आटोपलं होतं, कारण समोर संयोजक घड्याळ दाखवत होते.

मग सगळा काकडांचा रस ओता, झाकण ठेवा, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मीठ अजून नाही.

आता परीक्षा. एक शिताएवढा तुकडा जिभेच्या मागच्या बाजूला ठेवा, चावा, गिळा, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. खाज लगेच येत नाही, ती दबा धरून बसते. म्हणूनच माझ्या श्रोत्यांनी आधी "वा" म्हटलं. दहा मिनिटांनी घसा स्वच्छ असेल तर पुढे जा. जरा जरी खवखवलं तर आणखी रस, आणखी दहा मिनिटं, पुन्हा परीक्षा. ही परीक्षा स्वतः द्यायची. नवऱ्यावर, बायकोवर, श्रोत्यांवर ढकलायची नाही.

इथपर्यंत आलेली भाजी गार करून फ्रीजरमध्ये ठेवता येते. आमच्याकडे आई दोन-तीन डबे भरून ठेवायची आणि श्रावण संपल्यावर एकेक काढायची.

पुढचं तुमच्या घरच्या चालीवर. सीकेपींकडे कोलंबी किंवा सोडे, आगरी घरात सुकट, कुणाकडे खिमा. शाकाहारी करायची असेल तर वालाचं बिरडं नाहीतर हरभऱ्याची डाळ. एक गोष्ट मात्र किचनमधला माणूस म्हणून सांगतो: डाळ किंवा वाल कच्चे या रसात टाकू नका. आंबटात कडधान्य मऊ पडत नाही. तासभर शिजवा, दाणा दातात कचकचतोच. वेगळे शिजवून घ्या, नव्वद टक्के, आणि मग मिसळा.

वाटण साधं. एक मोठा कांदा उभा चिरून तेलावर लाल, अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, सात-आठ लसूण पाकळ्या, थोडं आलं. वाटून घाला. तिखट, हळद, घरचा मसाला, आता मीठ, सुपारीएवढा गूळ. (सुपारी सगळीकडे सारखीच असते अशी माझी समजूत आहे. नसली तर कळवा, दुसरी चिठ्ठी छापतो.) एक उकळी, वरून कोथिंबीर नको. तांदळाच्या भाकरीशी खा, आणि शक्यतो दुपारी.

शेवळं संपल्यावर काय

जूनच्या मध्यावर मावशीच्या पाटीतला माल बदलतो. त्यातलं थोडं सांगतो, बाकी पुस्तकात आहे आणि तिथे, माझ्या माहितीप्रमाणे, चूक नाही.

टाकळा पहिल्या पंधरवड्यातच घ्यायचा, पानं नखाएवढी असताना. मग तो कडू होतो. फोडशी, जिला काही ठिकाणी कुळू म्हणतात, ती कांद्याच्या पातीसारखी दिसते. बुडाशी माती अडकलेली असते ती पान न् पान सोडवून धुवावी लागते, मधला कडक दांडा काढायचा, चिरून बेसन पेरून करायची. भारंगीची पानं उकळून, पिळून, ते पाणी टाकून मग भाजी. कडवटपणा थोडा राहणारच, तो राहू द्या. बांबूचे कोंब चिरून रात्रभर पाण्यात, पाणी दोनदा बदलून, मग उकळून तेही पाणी ओतून टाकायचं. यात आळस नको, कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. करटोली कुणालाही करता येतात.

आणि अळंबी. कार्यक्रमात दर वेळी एखादा तरुण फोन पुढे करतो, "सर, ट्रेकला हे दिसलं, ॲप म्हणतंय खाता येतं." नाही येत. ॲप तुमच्याबरोबर जेवायला बसणार नाहीये. रानातलं काही स्वतः तोडून आणायचं असेल तर आधी दोन पावसाळे त्या भागातल्या माणसाबरोबर फिरा, आणि अळंबीच्या बाबतीत त्यानंतरही नको.

तोडण्यावरून आठवलं. फोडशीच्या मुळाशी कंद असतात, सफेद मुसळी म्हणून विकले जातात तेच. मुळासकट उपटली की पुढच्या वर्षी तिथे काही नाही. ठाकर बायका पात कापतात, कंद ठेवतात. शेवळांचंही तसंच: एका जागी पाच कोंब असले तर दोन-तीन घेतात, बाकीचे उमलू देतात. 'शाश्वत' हा शब्द माझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर चार वेळा आलाय, प्रकाशकांच्या आग्रहानं. मावशीच्या तोंडी तो एकदाही आला नाही. ती म्हणते, "समदी नेली तर पुढल्या साली काय विकू?"

स्वतःचं पुस्तक घेऊन फिरणाऱ्यांसाठी

पाककृतींचं पुस्तक काढणारे बरेच जण मला विचारतात, कार्यक्रम कसा करावा. माझा अनुभव पाच-सात कार्यक्रमांचा, तेवढ्यावर बोलतो. शेवळं घरून शिजवून, परीक्षा देऊन नेतो. समोर फक्त साफ करून दाखवतो आणि वाटण लावतो. साफ करतानाच लोक पुढे सरकून बसतात, शिजण्याकडे कुणी बघत नाही. गॅसची शेगडी स्वतःची नेतो. आणि मावशीला बरोबर नेतो. तिची दिवसाची जेवढी विक्री होते तेवढे पैसे आधी हातात देतो, मग तिची पाटी माझ्या पुस्तकांच्या टेबलाशेजारी लागते. तिची पाटी आधी रिकामी होते. मग लोकांना पुस्तक लागतं, कारण हातात भाजी असते आणि घरी जाऊन काय करायचं ते माहीत नसतं.

अशाच एका कार्यक्रमात, ठाण्याला, गर्दी ओसरल्यावर मावशीनं पुस्तक उचललं. तिला वाचता येत नाही, तिनं मुखपृष्ठ बघितलं. मुखपृष्ठावर शेवळाचा मोठा फोटो आहे. त्यासाठी छायाचित्रकार खास आटगावला गेला होता, आम्ही तीन दिवस चांगल्या उजेडाची वाट बघितली होती. फूल पूर्ण उमललेलं, जांभळं आवरण मागे वळलेलं, मध्ये दांडा ताठ, वर पावसाचे थेंब.

मावशीनं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं.

"ह्ये जून झालंय," ती म्हणाली. "ह्ये कोन खातं?"

मुखपृष्ठ या आवृत्तीत बदलता येणार नाही, छापून झालंय. तेव्हा ज्यांनी चिठ्ठी नसलेली प्रत घेतलीय त्यांनी पेन घ्या. पान ६२, ओळ नववी: 'बारा काकडं' खोडा, 'पंचवीस' करा. ओळ चौदावी: 'लिंबाएवढी चिंच' खोडा, 'पन्नास ग्रॅम, आणि आमसुलं' लिहा. त्याच्या पुढचं 'दहा मिनिटं' खोडून 'पंचवीस, मग चाखून दहा मिनिटं थांबा' असं करा. आणि मुखपृष्ठावरचं शेवळं बाजारात दिसलं तर घेऊ नका.